ग्रीकचे चार पर्याय

माझं डोकं लातूरनं बिघडवलं, हे मी कुणाच्याबी तोंडावर सांगते. दोन वर्षं तिथं डॉक्टरकीच्या परीक्षेचे क्लास केले. सकाळी टेस्ट, संध्याकाळी टेस्ट, प्रश्नाखाली चार पर्याय, त्यातला एक गोल काळा करायचा. दोन्ही बारी नंबर लागला न्हाई. मंग गुमान नायगावच्या कॉलेजात बी.ए.ला बसले.

तिथं आनंदराज सर भेटले. नांदेडहून रोज एसटीनं यायचे अन् शेवटच्या तासाला जुनी ग्रीक भाषा शिकवायचे. नायगावात ग्रीक कशाला, म्हणून गाव हसला. मीबी हसले, अन् दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर जाऊन बसले. अडीच हजार वर्षांमागची माणसं माझ्याशीच बोलून राहिलीत असं वाटायचं. तिकडं घरी मामा स्थळं आणून राहिला व्हता. "ग्रीक चालू हाय," म्हणलं की तो स्थळाचा कागद परत खिशात घालायचा. "ते खूळ संपलं की लगीन," एवढंच म्हणायचा.

आम्ही पोरंपोरी मिळून पाच. एक दिवस वरून पत्र आलं. परीक्षक येणार, पाचातल्या एकाला तरी कधी न पाहिलेल्या ओळीचा अर्थ लावता आला पाहिजे, न्हाईतर वर्ग बंद.

मी म्हणलं, "सर, तयारी माझ्यावर सोडा." अन् लातूरची सगळी अक्कल पाजळली. चारशे प्रश्न काढले, एकेकाखाली चार पर्याय. रोज टेस्ट, भिंतीवर मार्कांची यादी. आमच्यातल्या बजरंगला तीनशे नव्वद पडले तर गडी आठ दिवस छाती काढून फिरला. सर नुसता चष्मा पुसायचे.

परीक्षक महानंदा मॅडम आल्या. शाल-नारळ झाला. त्यांनी एका जुन्या थडग्यावरची ओळ फळ्यावर लिहिली अन् बजरंगला अर्थ विचारला.

त्यानं ओळ वाचली, फळ्याच्या खालच्या बाजूला बघितलं, अन् लई अदबीनं म्हणला, "मॅडम, पर्याय?"

"कसले पर्याय?"

"ए, बी, सी, डी."

बाकीच्या तिघांनी माना खाली घातल्या. सरांचं तोंड उतरलं. मला माझाच असा राग आला की काय सांगू. माझ्याच हातानं वर्ग बुडवला व्हता. त्याच रागात उठले.

"पर्याय मी देते," म्हणलं. "ए, लेकीनं आईसाठी हा दगड उभा केला. बी, आईनं लेकीसाठी. सी, बापानं दोघींसाठी. डी, यापैकी न्हाई. डी भित्री पोरं लावतात, ते सोडा. ओळीत बाप कुठंच न्हाई, सी बाद. शेवटी मेलेल्या बाईमाणसाचं वय लिहिलंय, सात वर्षं. सात वर्षांच्या पोरीला आई कसं म्हणायचं? ए बाद."

राहिला बी. मी फळ्यापाशी जाऊन ओळीवर बोट ठेवलं.

"आईनं लेकीसाठी उभा केला. सातच वर्षांची व्हती वो, मॅडम."

मॅडमनी ओळीतल्या वयाखाली खडूनं रेघ ओढली. मंग म्हणल्या, "जुने लेख वाचताना आम्हीही असंच करतो. पर्याय स्वतःच काढायचे असतात." अन् वर्ग चालू ठेवायच्या कागदावर सही केली.

बजरंगनं हात वर केला. "मॅडम, माझे मार्क कापणार का?"

मी बाहेर आले अन् मामाला फोन लावला. "मामा, ग्रीक चालू हाय."