माहेरचं रक्त

अध्यक्ष महाशय, आरोप तुमच्यावर आहे. मांडव देवस्थानचा, माईक देवस्थानचा, आणि भुतंखेतं उतरवणाऱ्या जयराम घाड्याच्या पाटाशेजारच्या खुर्चीत तुम्ही.

डिचोलीकडच्या आपल्या गावात माझ्या शेजारच्या साईशचे आजोबा, काका, बाप, तिघेही पन्नाशीच्या आत आतड्याच्या कॅन्सरने गेले. गेल्या वर्षी घाड्याने ठरवलं, पूर्वजाने देवचाराचं, गावाच्या राखणदार भुताचं, झाड तोडलं, आता पाळी साईशची. बहीण गौरवी तेवढी सुटली.

घाडी तिला म्हणाला, "बाय, तुका फोंड्याक दिली. तुझा कूळ बदलला. देवचार तुझ्या वाटेक येवचो नाय."

तुम्ही टाळ्या वाजवल्यात, तिच्या हातात नारळ दिलात.

परवा साईशचा भार उतरवायचा होता. गाव लोटला. घाडी घुमला, साईशच्या पोटावरून लिंबू फिरवलं, कोयत्याने कापलं. लालभडक धार! बायका किंचाळल्या. 

मी ओरडलो, "घाडीबाबा, आता साईशच्या घरच्या आदोळीवर कापा!"

"देवाची मस्करी करतंस?"

"देवाची कुठे? तुमच्या कोयत्याची."

नारळ खवायची ती आदोळी आणली. लिंबू कापलं, रस साधाच. तोच रस कोयत्यावर पिळला, लाल! पात्यावर जास्वंद चोळून वाळवलेली. आंबट लागलं की ती लाल होते. परसात करून बघा.

लोक हसले. गौरवी हसली नाही. माझ्या बायकोचा हात घट्ट धरून म्हणाली, "वहिनी, लिंबाचं रक्त खोटं. मग माझं?"

शौचाला रक्त पडत होतं, कित्येक महिने. कूळ बदललं म्हणून गप्प राहिली होती.

आम्ही तिला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर रूपाली म्हणाल्या, "सगळे कॅन्सर असे नसतात. पण काही घराण्यांत जनुकातला दोष आईकडून किंवा बापाकडून उतरतो. मुलगा असो, मुलगी असो, शक्यता निम्मी. लग्नाने आडनाव बदलतं, जनुक नाही. दोष आला म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, धोका वाढतो. म्हणून दुर्बिणीने आतडं लवकर तपासायचं. गाठ वेळेत दिसली तर काढता येते. साईशलाही आणा."

गावकऱ्यांनो, घरात असे मृत्यू झाले असतील तर देवचाराला विडी आणि सोरोची बाटली ठेवत बसू नका. कोण, कुठल्या वयात, कशाने गेलं, ते डॉक्टरला सांगा. लेकींनाही पाठवा.

उद्या गौरवीची तपासणी.  सारखी विचारते, "दादा, उशीर नाय ना झाला?"

 अध्यक्ष, नारळ तुम्ही दिलात. तिला उत्तरही तुम्हीच द्या. त्याच मांडवात, त्याच माईकवर.