फोटोतली भरतकामवाली

मी अक्षरं नटवतो. पोटापाण्याचा धंदाच आहे तो. कुणाला दुकानाचं नाव सोन्याचं हवं असतं, कुणाला बर्फाचं, कुणाला पेटलेलं. सगळं कॉम्प्युटरवर होतं, हात काळे होत नाहीत. ह्या कामात मी बऱ्यापैकी तरबेज आहे आणि ते चारचौघांत सांगायची खोडही मला आहे.

उशांचे अभ्रे विकणाऱ्या एका बाईंची जाहिरात माझ्याकडे आली. अभ्र्यावर गिऱ्हाइकाचं नाव हाताने भरून द्यायचं, असा त्यांचा माल. आणि भरणारी माझी वहिनी. मीच तिला ते काम मिळवून दिलं होतं आणि घरभर त्याचा तोरा मिरवला होता. बाईंनी वहिनीच्या एका अभ्र्याचा फोटो पाठवला. मोठा करून पाहिला तर टाके जरा पुढेमागे, एका अक्षराचं पोट फुगलेलं. मी नाक मुरडलं. नाव पुसून टाकलं, कोरा अभ्रा ठेवला आणि त्यावर तेच नाव नव्याने टाइप केलं. एका टाक्याचं चित्र बनवून ते अक्षरांच्या वळणांवरून फिरवलं, खाली केसाएवढी सावली सोडली, दोऱ्याला चमक दिली. वीस मिनिटांत असं भरतकाम उतरलं की बाई म्हणाल्या, "तुम्ही फोटो काय झकास साफ करता हो!" मी त्यांची समजूत काही दुरुस्त केली नाही.

महिन्याभरात अभ्रे परत येऊ लागले. तक्रार एकच, फोटोतल्यासारखं नाही.

वहिनीने जाहिरातीतला तो फोटो मोबाइलवर उघडला आणि मोबाइल जेवणाच्या टेबलावर बाटलीला टेकवून ठेवला. मग परत आलेला एकेक अभ्रा ती उसवायला बसली.

"ही बाई कोण असेल हो, भाऊजी?" तिने मला विचारलं. "प्रत्येक टाका तेवढ्यास तेवढा. वळणावरसुद्धा दोरा ताणलेला नाही. काय हात आहे!"

मी "हं" केलं आणि ताटात डोकं घातलं.

ती इरेला पेटली. सुई बारीक घेतली, दोरा बदलला, पट्टीने मापून टाके घातले. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून डोळेही तपासून आली. दादा म्हणाला, "ती बाई सापडली तर सांग, तिलाच घरी आणू." सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. ते हसू आठवलं की आजही कान तापतात.

सांगायला काय झालं होतं मला? एका वाक्याचं काम. पण चित्र खोटं आहे म्हटलं की ते का काढलं तेही सांगावं लागलं असतं. मी रोज ठरवायचो आणि रोज शेपूट घालायचो.

आठव्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. वहिनीच्या हातात काम होतं, म्हणून तिने स्पीकर लावला.

"आता हा शेवटचा गठ्ठा," बाई म्हणाल्या. "हाही परत आला तर मला दुसरी कुणी बघावी लागेल. राग मानू नका."

"राग कसला? मलाच जमत नाहीये," वहिनी म्हणाली. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, त्या फोटोतल्या बाईचा पत्ता विचारा ना. मी जाऊन शिकून येते. तिने चार शब्द सुनावले तरी चालतील मला."

आता मात्र मला बसवेना. मी लॅपटॉप आणून तिच्यापुढे उघडला. तिचं नाव टाइप केलं, एक बटण दाबलं. नाव भरून तयार.

"अशी कुणी बाई नाहीये, वहिनी. ते मी केलंय."

तिने पडद्यावर बोट फिरवून पाहिलं. "दोराच नाही?"

"नाही."

ती हसत सुटली. "अगं बाई! आणि मी वेड्यासारखी..." मग तिचं हसू थांबलं. "माझ्या कामाचा फोटो नव्हता पाठवला त्यांनी?"

"पाठवला होता. मला टाके... जरा वेडेवाकडे वाटले."

"असतील," ती म्हणाली. "ते मला सांगायचं होतंत, मी दुसरा भरून दिला असता. पण आठ दिवस मी इथे बसून उसवतेय, भाऊजी. तुम्ही समोर बसून जेवत होतात."

मला मान वर करता येईना. लाजेने जीव अर्धा झाला. बाईंना सगळं सांगतो, असं मी पुटपुटलो.

"आत्ताच लावा फोन. माझ्यासमोर."

मी लावला. बाईंनी पहिल्याच रिंगला उचलला. "बोला, कलाकार!"

वहिनी हातातलं काम खाली ठेवून ऐकत होती.

"तो फोटो खोटा आहे," मी म्हणालो.

"काय? ऐकू येत नाही. मोठ्याने बोला."

मग ते मला दुसऱ्यांदा, मोठ्याने सांगावं लागलं.