अर्जातला बाप

मला छान लिहिता येतं, हाच माझा शाप. इतर शिक्षिकांचे अहवाल वाचताना माणूस पेंगतो, माझे वाचताना चष्मा पुसतो. त्यामुळे कुठलंही अनुदान निघालं की आमचे अधीक्षक ब्लॉमक्विस्ट माझ्या दारात हजर.

या वर्षीचं अनुदान मोठं होतं, मुलांच्या वाचनासाठी. सरोवराकाठच्या आमच्या शाळा-जिल्ह्यात शाळा तीनच, पण तिसरीतल्या निम्म्याहून जास्त पोरांना साधा उतारा धड वाचता येत नाही. अनुदान मिळालं तर वाचन शिकवणाऱ्या दोन शिक्षिका येणार होत्या आणि बंद पडलेली दोन ग्रंथालयं उघडणार होती.

"एल्सी, आकडे सगळेच देतात," ब्लॉमक्विस्ट म्हणाले. "आकड्यांनी कुणी रडत नाही. 'गरज' या सदराला वीस गुण आहेत. एखादं घर दाखव. आणि हे बघ, गरज म्हणजे गरज. त्यात साखर घालू नकोस. थोडी जरी सुधारणा दिसली, तरी म्हणतील, यांचं बरं चाललंय की!"

घर शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

कर्ट रिंताला चौदा वर्षं आमची शाळेची बस चालवतोय. त्याआधी, अठ्ठावीस वर्षांपूर्वी, तो माझ्याच वर्गात होता, पहिलीत. चित्रं बघून अशी गोष्ट सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगं घडाघडा वाचतंय. मला कळत होतं. पण गोड पोरगं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिला पुढे ढकलून. पुढच्या बाईंनी आणखी पुढे ढकलला.

गेल्या नोव्हेंबरात तो सकाळची फेरी संपवून माझ्या खोलीत आला. टोपी हातात.

"बाई, दार लावू?"

"लाव की. काय रे, कुणाची कागाळी?"

"माझीच." तो पहिलीच्या बुटक्या खुर्चीत कसाबसा बसला. "ब्रिनला मी रोज झोपताना गोष्ट वाचून दाखवतो. म्हणजे वाचत नाही, बाई. हेदर, बायको माझी, आधी मला वाचून दाखवते, ते मी पाठ करतो. आता ब्रिन पहिलीत गेली ना. परवा ओळीवर बोट ठेवून म्हणाली, बाबा, इथे असं लिहिलेलंच नाहीये."

मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"हेदर सोडली तर कुणाला ठाऊक नाही," तो म्हणाला. "तुमच्यापाशीच राहू दे."

"माझ्यापाशीच राहील," मी म्हणाले. शब्द दिला मी.

मग दर मंगळवारी, दार लावून, आम्ही दोघं. अडला की मान वर करून माझ्याकडे बघायचा. मी शब्द सांगायचे, तो "ठीक" म्हणायचा आणि पुढे जायचा. मार्चमध्ये त्याने ब्रिनचं अख्खं पुस्तक न अडता वाचलं. त्या दिवशी सासूच्या हातचा वेलचीचा पाव घेऊन आला आणि म्हणाला, "फी घ्या." एवढा मोठा बाप्या, पण कान लाल झाले होते.

आणि त्याच आठवड्यात मी बसून लिहिलं: "आमच्या जिल्ह्यात असा एक बाप आहे, जो रोज सकाळी इतरांची मुलं शाळेत पोचवतो आणि झोपताना स्वतःच्या मुलीला पाठ केलेली गोष्ट वाचून दाखवतो. तो निरक्षर आहे. पुस्तक उघडलं की त्याची मुलगी एकटी असते."

नाव घातलं नाही, म्हणून स्वतःवरच खूश झाले. मंगळवार घातले नाहीत, साखर नको ना! आणि पहिलीचा वर्ग? त्याचा तर विषय मी स्वतःशीसुद्धा काढत नव्हते. कुठे तरी राजधानीत पाच परीक्षक हे वाचणार, डोळे टिपणार, वीसपैकी वीस देणार. जिल्ह्यात बस चालवणारे तिघं, त्यातल्या दोघी बायका, हे मला, एवढ्या शहाण्या बाईला, सुचलं नाही.

आमच्याकडे नियम असा की कुठलाही अर्ज शाळा-मंडळाने उघड्या सभेत मंजूर करायचा, गावासमोर. एरवी ब्लॉमक्विस्ट एखादी ओळ पुटपुटतात, हात वर होतात, संपलं. त्या सोमवारी नव्या बसचाही विषय होता, म्हणून जेवणाच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली होती. कर्ट मागच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर ठेवून.

"थांबा," ब्लॉमक्विस्ट म्हणाले, "एल्सीने काय लिहिलंय ते ऐकाच." आणि चष्मा लावून वाचायला लागले. पाद्रीबाबासारखा आवाज लावून!

"पोचवतो" या शब्दाला एक मान मागे वळली. "निरक्षर"ला सगळ्या. मी तेवढी वळले नाही.

आमच्या सभेत बोलायचं असेल तर आधी कार्ड भरावं लागतं: नाव, विषय, बाजूने की विरोधात. कर्ट उठला. टेबलापाशी गेला, दोरीला बांधलेलं पेन उचललं आणि लिहायला लागला. सावकाश. चिटणीस विल्माने कार्ड घेतलं आणि हलकेच म्हणाली, "तीन मिनिटं, कर्ट."

"तेवढी नकोत," तो म्हणाला. "त्या कागदातला बाप मी. तुम्ही ओळखलंच असेल, मॅज आणि डोना काही बाप नव्हेत." कुणीतरी हसलं आणि गप्प झालं. "फक्त त्यात एक चूक आहे. ते नोव्हेंबरातलं आहे. आता मी वाचतो. अडतो, पण वाचतो. बाईंनीच शिकवलं. घालायचं विसरल्या असतील."

विसरल्या असतील! माझी लाजही त्यानेच झाकली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथेच उठून म्हणायला हवं होतं, नाही रे, विसरले नाही, गाळलं मी. पण मी बुटांवरचा बर्फ वितळताना बघत बसले. अर्ज एकमताने मंजूर झाला.

जाताना विल्माने ते कार्ड माझ्या हातावर ठेवलं. 'बाजूने' या चौकटीत खूण होती.

मंगळवारी कर्ट आला नाही. मी दार उघडं ठेवून अख्खा तास बसले. मग तोच उतारा पुन्हा लिहून काढला. त्यात मंगळवार घातले, पाव नाही घातला. पहिलीचा वर्ग घातला, त्याला कुणी पुढे ढकललं तेही, माझ्या नावासकट.

ब्लॉमक्विस्टनी वाचलं आणि कपाळाला हात लावला. "एल्सी, आपलेच दात आपल्याच घशात घालतेयस तू! 'गरज'मध्ये शाळेचीच लक्तरं?"

"गरज तीच आहे."

"गुण जातील."

"जाऊ देत. आणि कर्टला विचारल्याशिवाय यातली एक ओळ जाणार नाही. तो नाही म्हणाला तर आकडेच पाठवा."

"शुक्रवारी दुपारपर्यंत," ते म्हणाले. "मग मी थांबणार नाही."

बुधवारी सकाळी फेरी संपल्यावर मी बसपाशी गेले. त्याने दार उघडलं, पण जागेवरून उठला नाही. मी पायरीवर उभी राहिले.

"कर्ट, चुकलं माझं. विसरले नव्हते मी, मुद्दाम गाळलं होतं. आता खरं लिहिलंय. तू वाच. तू हो म्हणालास तरच जाईल."

त्याने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "हे नंतर. आधी जुनं द्या."

"जुनं कशाला रे आता?"

"ते मला वाचून दाखवलं, बाई, सगळ्या गावासमोर. मी वाचलेलं नाही."

जुनं पान पिशवीत होतं. नाही म्हणायला तोंड होतं कुठे मला? दिलं. त्याने ते स्टिअरिंगवर पसरलं, हातमोजा काढला आणि ओळीखाली बोट धरलं. मोठ्याने वाचायला लागला. एकेक शब्द, जसं मी शिकवलं होतं तसं. "आमच्या... जिल्ह्यात... असा एक बाप आहे..." मी लिहिलेली ती गोड गोड वाक्यं त्याच्या तोंडून ऐकताना मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. मी कठडा धरून उभी राहिले.

"मुलीला पाठ केलेली गोष्ट वाचून दाखवतो. तो..."

बोट थांबलं. जोडाक्षराशी त्याने दोनदा झटापट केली, ओठ हलले, जमलं नाही. मग दर मंगळवारी बघायचा तसं त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. शब्द हवा होता त्याला, एवढंच.

"निरक्षर," मी सांगितलं.

"ठीक," तो म्हणाला, आणि पुढे वाचू लागला.