विहिरीवरची नोकरी

"हसा ना आजी, ओझं वाटायला नको," फोन समोर धरून पाहुणी म्हणाली.

डोक्यावर भरलेली कळशी, मानेत कळ, आणि ही म्हणते हसा. मी दात दाखवले. उरलेत तेवढे.

गावाकडच्या आठवणी विकायचं हे दुकान मालकाने दोन वर्षांपूर्वी काढलं. शहरातली माणसं सुटीला येतात, खाटेवर लोळतात, कंदिलाचे फोटो काढतात आणि 'काय ते दिवस होते!' म्हणून उसासे टाकतात. ज्यांनी ते दिवस काढले त्यांना कोणी विचारत नाही. माझं काम विहिरीवर. पाणी शेंदायचं आणि कळशी घेऊन त्यांच्यासमोरून जायचं. कपडे मालकाने दिलेले, नव्या कोऱ्या कापडावर शिंप्याकडून ठिगळं मारून घेतलेले. इतकी नीटनेटकी ठिगळं मी जन्मात पाहिली नव्हती.

घरी सुनेच्या पायात पायात येण्यापेक्षा बरं, म्हणून मी आले. हाताला काम, तोंडाला कुलूप. दोन वर्षं ते कुलूप टिकलं.

त्या सकाळी पंधरा-वीस पाहुणे विहिरीभोवती जमले होते. मध्ये मालक. त्याचं नाक वाहायचं तेव्हापासून मी त्याला ओळखते. आता पाहुण्यांसमोर तो मला मावशी म्हणतो.

"ही आमच्या आजोबांची विहीर," तो सांगत होता. "सगळं गाव इथलंच पाणी प्यायचं. आपलं-परकं नव्हतंच हो तेव्हा. एका घरातल्यासारखी माणसं."

पाहुण्यांनी माना डोलावल्या. ऐकून ऐकून माझे कान किटले होते, तरी मी मुकाट्याने दोर सोडत होते.

एका बाईने आपल्या लेकीला मागे ओढलं. "इथे कधी कोणी पडलं वगैरे नाही ना?"

"छे छे! आजोबांच्या काळापासून एकही नाही. विचारा मावशींना."

सगळे माझ्याकडे वळले.

"पडली होती," मी म्हटलं. "माझी धाकटी बहीण. नऊ वर्षांची."

मालक हसला. "मावशी थट्टा करतात."

"थट्टा करायला तू माझा दीर लागतोस का रे?" माझा आवाज चढला. "याची आजी दुपार झाली की दोर आणि पोहरा काढून घरात न्यायची. पाणी आटेल म्हणून. आई तापाने फणफणलेली, घरात थेंब नाही. मी यांच्या दारात जाऊन दोर मागितला. दार उघडलं नाही. धाकटी म्हणाली, ताई, मी दगडांच्या खोबणीत पाय देत उतरते. मी म्हटलं, उतर."

ती मुलगी आईला चिकटली. मला दया आली, पण थांबता येईना.

"दुसऱ्या दिवशी यांनी सांगितलं, पोरगी खेळता खेळता पडली. गावानेही हो म्हटलं. पाणी इथलंच प्यायचं होतं ना!"

मालकाने मला दंडाला धरून बाजूला नेलं.

"मावशी, माझ्या पोटावर पाय देताय तुम्ही. इतके दिवस गप्प होतात, आजच काय झालं?"

"एकही नाही म्हणालास."

"अहो, बोलण्याच्या ओघात येतं तसं." त्याने आवाज खाली आणला. "आता जाऊन म्हणा, वय झालंय, डोक्यात घोळ होतो. एवढं म्हणा आणि संध्याकाळी कामावर या. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

मला त्याचा राग आला, त्याच्या मेलेल्या आजीचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या 'उतर' म्हणणाऱ्या तेरा वर्षांच्या पोरीचा आला. पण ती निदान खोटं बोलली नव्हती. मी आत जाऊन माझे स्वतःचे कपडे घातले, त्याची ठिगळं घडी करून ठेवली आणि निघाले.

घरी आले, मोरीतल्या नळाखाली बादली लावली आणि शेजारी बसले. बादली भरली, वाहू लागली. पाणी माझ्या पावलांवरून मोरीच्या भोकाकडे चाललं.

सून धावत आली. "अहो आई, नळ! लक्ष कुठंय तुमचं?"

"इथेच आहे," मी म्हटलं. "वाहू दे जरा."

तिने नळाकडे हात नेला, माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.