घरच्याच मालकाला काठी

बयाबाईची बोटं सकाळी वळायची नाहीत. सहाला परातीपुढं बसली की मूठ अर्धीच मिटायची. दहा वाजता बोटं मोकळी व्हायची आणि दुपारी ती दारात बसून शेंगा फोडायची. तिथंच तिचा घात झाला.

"बघा!" सासू पुतळाबाई शेजारणींना सांगायची. "भाकरीला बोटं दुखत्यात, शेंगा फोडायला नाय! माझे गुडघे राबून राबून दिवेलागणीला ठणकत्यात. हिचं आपलं उठल्या उठल्या!"

शेवटी तिनं लेकाला बजावलं, "खंडेराव, हिला कळवणला बापाकडं पोचव."

खंडेराव अंबडच्या एका कारखान्यात वॉचमन. तो म्हणाला, "आधी डॉक्टर, मग कळवणची गाडी."

पुतळाबाईही दोघांबरोबर निघाली. गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी बयाबाईच्या दोन्ही हातांची सुजलेली पेरं दाबून पाहिली. "सकाळी किती वेळ आखडतात?"

बयाबाई घाबरली. खरं सांगावं तर सासूच जिंकणार. "दहापर्यंत... मग मोकळी होत्यात."

"ऐकलं?" पुतळाबाई म्हणाली.

"हीच तर खूण आहे, आजी. तुमचे गुडघे झिजलेत, ते कामानं दुखतात. हिचे सांधे सुजलेत, ते झोपून उठल्यावर आखडतात. रक्त तपासूच. पण अंगात रोगजंतूंना हाकलणारे पहारेकरी असतात ना, हिचे चुकलेत. घरच्याच मालकाला बडवतायत."

खंडेराव कानापर्यंत लाल झाला. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मागच्या दारानं बनियनवर आलेल्या शेठला त्यानं चोर समजून दोन काठ्या हाणल्या होत्या.

"बाई, हे तुमाला कोणी सांगितलं?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात बी आलं?"

बयाबाईला हसू आवरेना. पुतळाबाईनं पदर तोंडाला लावला. "मग त्या पहारेकऱ्यांना काढूनच टाका की!"

"मग खरे चोर शिरतील. गोळ्यांनी त्यांना शांत करायचं. हा रोग मुळासकट जात नाही, पण आटोक्यात राहतो. हयगय केलीत तर बोटं वाकडी होतील."

परतीच्या बसमध्ये पुतळाबाई गुडघे चोळत होती. अंबड आलं तशी म्हणाली, "माझे गुडघे सकाळी बरे असत्यात, हिची बोटं संध्याकाळी. सकाळच्या भाकरी मी थापते, रातच्या हिनं थापाव्या."

बयाबाईनं मान डोलावली. कळवणचं नाव कोणी काढलं नाही.

"म्हंजे दोन शिफ्टा," खंडेराव खुशीत म्हणाला.

"तू गप. तुझ्यापायी घराण्याचं नाव पुस्तकात गेलं."