ओजसची दुसरी सहावी

शनिवारी सकाळी अमेरिकेत, डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या घरात उत्तरा थालीपिठं थापत होती, तेवढ्यात गुरुदत्त फोन नाचवत स्वयंपाकघरात आला.

"झालं! दोघांचंही झालं!"

दोघांचं म्हणजे ओजसचं आणि सावनीचं. ज्या खाजगी शाळेपायी घरात वर्षभर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, तिथे दोन्ही मुलांना प्रवेश मिळाला होता. उत्तराने पिठाच्या हातानेच फोन घेतला. सावनी, सहावी. ओजस, सहावी. तिने पुन्हा वाचलं.

"अरे, पण ओजसची सहावी आत्ता संपतेय ना?"

"सातवीत सीटच नाही. ते लोक नवी मुलं केजीला, सहावीला आणि नववीला घेतात. मधे कोणी सोडून गेलं तरच चान्स. म्हणून मी त्याच्यासाठीही सहावीलाच अप्लाय केलं होतं. एक एक्स्ट्रा इयर करेल. बिग डील नाहीये यार."

एक्स्ट्रा इयर! किती गोड नाव. शाळेचं दार ठरावीक वयालाच उघडतं ना, मग दार बदलत नाही तर पोराचं वय मागे ओढा. नोव्हायपासून ट्रॉयपर्यंतच्या मराठी घरांत ही रीतच पडून गेली होती. पुण्यात जे वर्ष पुन्हा करावं लागलं तर पोराने तोंड लपवलं असतं, तेच इथे पेढे वाटून साजरं होत होतं. आणि हीच मंडळी सुट्टीत भारतात गेली की सांगत, आमच्याकडे अमेरिकेत मुलांवर दडपण असं नसतंच.

"बट आय ऑलरेडी डिड सिक्स्थ," जिन्यात उभा असलेला ओजस म्हणाला. "आय डिड वेल."

"म्हणूनच तर! आता वर्गात सगळ्यात मोठा तू. मॅथ, टेनिस, सगळीकडे पुढे. नंतर थँक्यू म्हणशील."

"म्हणजे दादा माझ्या क्लासमध्ये?" सावनीने विचारलं. ती ओजसहून वर्षभरानेच लहान होती, पण अपूर्णांक तिला ओजसनेच शिकवले होते. तव्यावरचं थालीपीठ तेवढ्यात करपलं.

दुसऱ्या दिवशी अहिल्याकाकू पेढे खायला आल्या. काकू निवृत्त डॉक्टर, डेट्रॉइटच्या बाजूला सगळ्यांच्या आधी येऊन राहिलेल्या, त्यामुळे तिथल्या महाराष्ट्र मंडळात त्यांचा शब्द शेवटचा.

"अगं उत्तरा, तोंड काय पाडलंस? आमच्या जयलाही ठेवलं होतं मागे. कुठे काय बिघडलं?"

"काकू, पण दोघं एकाच वर्गात. लोक विचारतील."

"विचारू देत. जुळे आहेत म्हणायचं. वर्षाचं तर अंतर! जन्मतारीख बघायला कोण येतंय?"

सगळे हसले. गुरुदत्तने तर काकूंना टाळी दिली. ओजसने हातातली चकली परत ताटलीत ठेवली आणि तो वर निघून गेला.

उत्तराच्या मनात आलं, आत्ताच्या आत्ता बोलावं. पण वडीलधाऱ्या बाईसमोर, घरी पाहुणे असताना कसं बोलायचं? गप्प बसायचं हे वळण तिच्या अंगात असं मुरलं होतं की तिला स्वतःचाच राग आला, आणि तो गिळून ती चहा टाकायला उठली.

त्यानंतर ओजस पोक काढून चालायला लागला. उत्तराला वाटलं, फोनमुळे असेल. मग सगळे गणवेशाचं माप द्यायला गेले. दुकानातली बाई टेप घेऊन आली. "स्टँड टॉल, हनी," ती म्हणाली. ओजसने खांदे आणखी पाडले. आरशात उत्तराला दिसलं, ढगळ पँटच्या आत पोराने गुडघेही वाकवले होते.

"ओजस, नीट उभा राहा ना."

"नको."

"का रे?"

तो कुजबुजला, "आई, ट्विन्स सेम हाइटचे असतात ना?"

परतताना गाडीत तिने गुरुदत्तला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मुलं ॲडजस्ट होतात गं. तू उगाच इमोशनल होतेस."

पुढच्या रविवारी शाळेने नव्या पालकांना हिरवळीवर बोलावलं होतं. लिंबू सरबताचे पेले घेऊन सगळे एकमेकांना हसून नावं सांगत होते. एक उंच बाई दोन्ही मुलांकडे बघून म्हणाली, "हाउ लव्हली! ट्विन्स?"

"येस, ट्विन्स," गुरुदत्त म्हणाला. त्याची पापणीही लवली नाही.

ओजसने गुडघे वाकवले.

"नो," उत्तरा म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा आला. "ही इज वन इयर ओल्डर. ही फिनिश्ड सिक्स्थ ग्रेड. ही पास्ड."

माना वळल्या. गुरुदत्तने तिचा दंड धरला. "सीन करू नकोस."

"सीन तू केलास! माझ्या पोराचं अख्खं वर्ष खोडलंस. तो झाला तेव्हा तूच मला बर्फातून गाडी हाकत हॉस्पिटलला नेलं होतंस. तेव्हा सावनी कुठे होती रे?"

"सीट जाईल, उत्तरा. नववीला मिळेलच असं नाही."

"जाऊ दे." ती ओजसकडे वळली. "तुला काय हवंय?"

इतक्या दिवसांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"सेव्हन्थ," तो म्हणाला. "माझ्या शाळेत." आणि तो सरळ उभा राहिला. आईच्या कानापर्यंत आला होता तो.

"मला इथेच यायचंय," सावनी म्हणाली. "पण दादा माझा दादाच राहणार, ओके?"

ओजसची सीट सोडून दिली. गुरुदत्तने अबोला धरला. मंडळाच्या बैठकीत उत्तरा उभी राहून सगळं बोलली, मुलांच्या वयाशी असे खेळ करू नका म्हणाली, तर चहा आला म्हणून निम्म्या लोकांनी खुर्च्या सरकवल्या. अहिल्याकाकू जाता जाता म्हणाल्या, "नंतर पस्तावशील हो." वैताग वैताग झाला तिला. आपण बोललो ते भिंतीला तरी ऐकू गेलं का, असं वाटलं.

आणि मग ट्रॉयहून मंडळातल्या आसावरीचा फोन आला.

"अगं उत्तरा, थँक्यू! तुमची सीट आमच्या निहारला मिळाली. वेटलिस्टवर होता ना बिचारा. सहावी झालीये त्याची, पण एक एक्स्ट्रा इयर करेल."

उत्तराला वाटलं, फोन भिंतीवर आपटावा. एका पोराची सुटका झाली, तर दुसरं पोर तिथेच अडकायला निघालं होतं. ती खुर्चीत बसली.

"आसावरी, निहारला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं? लहान आहे तो."

"इतका लहान आहे, तर त्याचं वर्ष कशाला काढून घेतेस?"

आसावरी म्हणाली, "तुझं आपलं काहीतरीच. ठेवते मी."

"ठेवू नकोस. आधी त्याला बोलाव आणि माझ्यासमोर विचार. तो काय म्हणतो ते ऐकल्याशिवाय मी फोन सोडणार नाही. तू ठेवलास तर मी पुन्हा करीन."

शेवटी आसावरीने हाक मारली, "निहार, जरा खाली ये रे."