भाऊबिजेचं जांभूळ

निमगाव सावा या गावात त्या वर्षी भाऊबिजेला साड्यांवर बंदी आली. ती सरकारनं घातली नव्हती, भरतनं घातली. भरत हा वृक्षबंधू मंडळाचा अध्यक्ष. दिवाळीआधी त्यानं भैरवनाथाच्या देवळात सगळ्यांना बोलावलं आणि जाहीर केलं, की यंदा प्रत्येक भावानं बहिणीच्या ताटात साडीऐवजी झाड घालायचं. साडी विटते, झाड वाढतं. भावांना हे इतकं पटलं की सगळ्यांचे हात एकदम वर गेले. बहिणींना विचारायचं राहून गेलं, पण मोठ्या कामात असं थोडंफार राहतंच.

देवळापुढं फ्लेक्स लागला. त्यावर भरत मोठा, झाड लहान, आणि खाली लिहिलेलं, 'वाळवंट होण्याआधी जागे व्हा.' फ्लेक्सच्या एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला द्राक्षाचा मांडव. वाळवंट कुठून यायचं होतं, हे मंडळालाच ठाऊक.

भाऊबिजेला भरतची थोरली बहीण शीला कळंबहून आली. तिच्याबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. वडील गेल्यावर तिनं जुन्नरला जाऊन जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून दिला होता. हक्कसोडपत्रावर सही झाली तसा भरतनं तिला मिसळ खाऊ घातली आणि डोळे पुसत म्हणाला, "आक्का, जमिनीचं काय घेऊन बसलीस. म्हायेर तुझंच हाय." शीलानं ते खरं मानलं. भल्याभल्या शिकलेल्या बायका मानतात, तेव्हा तिला हसू नये.

देवळात बहिणींची रांग बसली. शीलानं ओवाळलं आणि भरतनं तिच्या ताटात काळ्या पिशवीतलं जांभळाचं रोप ठेवलं. ओली माती जड असते आणि ताट एका हातात असतं, ही गोष्ट मंडळाच्या ध्यानात आली नव्हती. ताट कललं, निरांजन विझलं आणि कुंकवात चिखल झाला. फोटोवाला म्हणाला, "ताई, परत एकदा ओवाळा." तिनं परत ओवाळलं.

घरी जेवणं झाल्यावर शीलानं रोप ओट्यावर आणून ठेवलं.

"भरत, हे लावायचं कुठं?"

"कुठं म्हंजे? तुझ्या घरी. कळंबला."

"माझ्या घरापुढं हायवे हाय आन् मागं दिराची भिंत. मधी आमी राहतो. गच्चीत लावू का जांभूळ?"

"मग रानात लाव."

"रानात बांधावरून भांडणं चालल्यात. तिथं गवत उपटलं तरी पोलीस पाटील येतो." शीला हसली. "मी म्हणते, आपल्याच रानात लावू. हितं. म्हायेर माझंच हाय ना."

भरत पाणी पीत होता. त्याला ठसका लागला.

आता ज्या माणसानं मागच्या पावसाळ्यात सगळ्या तालुक्याला झाडं वाटली, त्याला एका झाडाला जागा द्यायला अडचण कसली, असं कुणालाही वाटेल. पण अडचणी निघाल्या आणि एकामागून एक निघाल्या. विहिरीजवळ लावलं तर मुळ्या विहिरीत उतरतात. बांधावर लावलं तर शेजारचा सावळाराम कुरकुरतो. गोठ्यामागं लावलं तर म्हशी खातात. मधोमध लावलं तर सावलीनं कांदा पोसत नाही.

"आन् बिबट्या," भरत म्हणाला. "जांभळावर चढून बसतो बिबट्या."

"तो उसात बसतो. ऊस काढतोस का?"

"आक्का, तू लगेच वाकड्यात शिरतीस."

भरतची बायको अक्षदा चहा घेऊन आली. "ताई, कुंडीत लावा ना. कुंडीत लई छान दिसतं."

"जांभूळ, कुंडीत," शीला म्हणाली आणि बशीत चहा ओतला. तिचा आवाज खाली गेला होता. "मला जांभळाचं अप्रूप न्हाई रे. सही केल्यापास्नं मी हितं आले, की पाव्हण्यासारखी खाटंवर बसते. चहा येतो, फराळाचं ताट येतं. विहिरीवर गेले, तर तू मागनं येतोस, कशाला आलीस म्हणून. रानात माझं म्हणून काय तरी उभं असावं. एवढंच."

मग भरतच्या मनातलं ओठांवर आलं.

"उद्या झाड मोठं व्हणार. लोक म्हणणार, हे शीलाचं झाड. मग झाडाखालची जागा शीलाची. पुढं तुझी पोरं येणार मोजणी घेऊन."

"सही केली ना मी?"

"केली. पण झाडाचं सहीत काय न्हाई."

इतका वेळ त्यांची आई कुशाबाई दारात लसूण सोलत बसली होती. तिला ऐकू कमी येतं असा घरात समज होता आणि तिनं तो कधी मोडला नव्हता.

"भरत," ती म्हणाली, "सातबाऱ्याच्या उताऱ्यावर माझं नाव हाय ना अजून?"

"हाय की."

"मी काय सही दिलेली न्हाई कुठं."

"तुझी कशाला लागतीय आई? तू घरातलीच."

"मग झाड माझ्या वाट्यात लाव."

भरत समजुतीनं हसला. लहान मुलाला चुकलेलं गणित दाखवावं, तसं तो म्हणाला, "आई, सगळं एकत्र हाय. तुझा वाटा नेमका कुठला, हे वाटणी झाल्याबिगर कळतच न्हाई."

"आस्सं," कुशाबाईनं पाकळी ताटलीत टाकली. "मग करायची का वाटणी?"

मग पर्यावरणाची कळकळ भरतच्या अंगात पुन्हा एकदा संचारली. तो उठला, कुदळ घेतली आणि सगळ्यांच्या पुढं रानाकडं निघाला. जागाही त्यानंच दाखवली, विहिरीच्या वरच्या अंगाला. तिथं मुळ्या विहिरीत उतरतात की नाही, याबद्दल आता तो काही बोलला नाही.

मंडळाच्या कार्यक्रमात खड्डे तयार असतात आणि अध्यक्षांनी फक्त माती लोटायची असते. त्यामुळं खड्डा खणताना भरतला दम लागला. शीला वर उभी राहून दर थोड्या वेळानं "अजून" म्हणत होती. अक्षदानं शेणखताची पाटी आणून ओतली. शीलानं पिशवी फाडून रोप लावलं, माती पायानं दाबली आणि विहिरीवरून स्वतः कळशी भरून आणली. भरत तिच्या मागं गेला नाही.

"ह्याला उन्हाळाभर पाणी लागंल," ती म्हणाली. "मी येत जाईन. सण नसला तरी येईन."

"तू कशाला एवढ्या लांबून हेलपाटे घालतीस?" भरत घाईनं म्हणाला. "मी ठिबकची नळी ओढून देतो हितवर."

"दे की," शीला म्हणाली. "मग नळी चालू हाय का बघायला येईन."